दीड अंशापासून पावणेतीन अंशांपर्यंत : पोर्शे ७१८ केमन जीटी४ची ट्रॅकवरील पारख

पोर्शे ७१८ केमन जीटी४ जून २०१९ मध्ये जाहीर झाली, तेव्हा तिच्याविषयी जे लिहिले गेले त्यातला मोठा भाग इंजिनाने व्यापलेला होता. ते स्वाभाविकच होते. सगळीकडे टर्बोचार्जर आलेले असताना ३,९९५ घनसेंटिमीटरचे, टर्बो नसलेले सहा सिलिंडरचे इंजिन, मिनिटाला ७,६०० फेऱ्यांना ४२० अश्वशक्ती, ८,००० फेऱ्यांपर्यंत जाण्याची मुभा आणि त्याच्या जोडीला हाताने टाकायचे सहा गिअर, असा योग पुन्हा जुळून येईल याची खात्री कोणालाच वाटत नव्हती. ही गाडी मी गेली तीन वर्षे श्टुटगार्टजवळ राहून वापरते आहे. रोजच्या कामासाठी नव्हे, तर मुख्यतः होकेनहाइमच्या ट्रॅकवर आणि वर्षातून चार-पाच वेळा न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफेवर चालवण्यासाठी. या तीन वर्षांनंतर माझे मत असे झाले आहे की, या गाडीचे खरे मोल इंजिनात नसून तिच्या चाकांचे कोन साध्या पान्यांनी आणि काही पातळ चकत्यांनी बदलता येतात यात आहे. कारखान्यातून येते त्या जुळवणीत ही उत्तम गाडी आहे. पुढच्या चाकांना सव्वा अंश अधिक कॅम्बर दिला, म्हणजे त्यांचे माथे तेवढे आणखी आत झुकवले, की ती निराळीच गाडी होते.

होकेनहाइमचा ट्रॅक मी कसोटीसाठी निवडला तो त्याच्या साधेपणामुळे. २००२ साली जंगलातले लांबलचक पट्टे काढून टाकल्यावर उरलेला हा ४.५७४ किलोमीटरचा मार्ग जवळजवळ सपाट आहे, डांबराची पकड चांगली आहे आणि प्रत्येक फेरीत तीच वळणे त्याच वेगाने घेता येतात. गाडीत केलेला एखादा लहान बदल चांगला की वाईट, हे ओळखायला अशीच जागा लागते. फेरी घड्याळाच्या दिशेने असल्यामुळे उजवी वळणे अधिक आहेत आणि पुढचा डावा टायर सर्वांत जास्त राबतो. फेरीच्या अखेरीस येणारी ज्युडकुर्वे म्हणजे एकाला एक जोडलेली दोन उजवी वळणे आहेत; तिथे गाडी बराच वेळ एकाच बाजूला कललेली राहते आणि पुढच्या चाकांत काही उणीव असेल तर ती लपून राहत नाही.

माझ्या गाडीतली उणीव तिथेच दिसली. मूळ जुळवणीत पुढच्या चाकांचा कॅम्बर उणे दीड अंशाच्या आसपास होता (चाकाचा माथा आत झुकलेला असेल तर कॅम्बर उणे धरतात). पहिल्या तीन-चार फेऱ्या टायर गरम होईपर्यंत सगळे छान वाटले. नंतर ज्युडकुर्वेच्या दुसऱ्या भागात मी स्टिअरिंग थोडे अधिक वळवावे, गाडीने ते ऐकून न घेता नाक बाहेरच्या बाजूला न्यावे आणि मला अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलून तिची वाट पाहावी लागावी, असे प्रत्येक फेरीत होऊ लागले. हाच अंडरस्टिअर. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत तो मुद्दाम ठेवलेला असतो, कारण नाक बाहेर सरकले तर अननुभवी चालकाचा पाय आपोआप वर येतो आणि गाडी सावरते. मागचा भाग घसरला तर मात्र सावरण्यासाठी हात तयार लागतात. इंजिन चालकाच्या पाठीमागे, वजनाची वाटणी साधारण ४४ टक्के पुढे आणि ५६ टक्के मागे, टायर पुढे २४५ मिलिमीटर रुंद तर मागे २९५, अशा गाडीत तो समतोल राखणे कारखान्याला आवश्यकच आहे. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी ही गाडी पावसात मोटरवेवरून घरी जाणाऱ्या माणसासाठीही बनवली आहे.

त्या दिवशी पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करण्याच्या जागेत, परतताच मी टायरच्या रबरात टोचून तापमान दाखवणारा मापक घेतला आणि पुढच्या डाव्या टायरचे तीन ठिकाणी तापमान मोजले. बाहेरची कड ९६ अंश, मधला भाग ८८ आणि आतली कड ८१. आतली कड जवळजवळ आरामात बसली होती आणि सगळे ओझे बाहेरच्या कडेने उचलले होते. टायरच्या खांद्यावर, जिथे रस्त्याला टेकण्याचे कामच नाही तिथे, रबर सोलून निघू लागले होते. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट कप २ या टायरच्या चार नगांची किंमत पाहता ही उधळपट्टी तर होतीच; पण मला अधिक खटकली ती गोष्ट म्हणजे टायरची निम्मी पकड वापरलीच जात नव्हती.

याचे कारण सस्पेन्शनच्या रचनेत आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. जीटी४च्या चारही चाकांना मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचे सस्पेन्शन आहे. पुढचा भाग पोर्शेच्याच ९११ जीटी३च्या त्या काळच्या गाडीवरून घेतलेला आहे. या पद्धतीत चाकाला वरच्या बाजूने स्वतंत्र आर्म, म्हणजे आधाराचा आडवा दांडा, नसतो. धक्के शोषणाऱ्या डॅम्परचाच दांडा चाकाला उभे धरतो. रचना हलकी, सुटसुटीत आणि भक्कम; पण वळणात बॉडी कलली की बाहेरचे चाकही तिच्याबरोबर बाहेर कलते आणि नेमके जास्त पकड हवी त्या क्षणी टायर कडेवर उभा राहतो. वर आणि खाली असे दोन आर्म असलेल्या डबल विशबोन रचनेत चाक दबले जाताना आपणहून आत झुकते, त्यामुळे हे नुकसान बरेचसे भरून निघते. २०२१ साली आलेल्या ९९२ पिढीच्या जीटी३मध्ये पोर्शेने पुढच्या चाकांना हीच रचना दिली, आणि ती गाडी वळणात शिरते तेव्हा फरक पहिल्याच वळणाला कळतो. मॅकफर्सनवाल्या गाडीला ही सोय नसल्यामुळे एकच मार्ग उरतो : गाडी उभी असतानाच चाक इतके आत झुकवून ठेवायचे की कललेल्या अवस्थेत ते सरळ उभे राहील.

जीटी४मध्ये हे करण्याची व्यवस्था कारखान्यानेच दिलेली आहे. खालचा आर्म दोन तुकड्यांचा आहे आणि त्या दोन तुकड्यांच्या मध्ये शिम, म्हणजे ठरावीक जाडीच्या धातूच्या चकत्या, घालता येतात. चकत्या वाढवल्या की आर्म लांबतो, चाकाचा तळ बाहेर सरकतो आणि माथा आत झुकतो. यात एक जादा लाभ असा की कॅम्बर वाढताना दोन चाकांमधले अंतरही थोडे वाढते. स्ट्रटचा माथा आत ओढून कॅम्बर वाढवला तर हे होत नाही. काम अवघड नाही. गाडी उचलायची, चाक काढायचे, आर्मचे बोल्ट सैल करायचे, चकती सरकवायची आणि ठरलेल्या टॉर्कने पुन्हा आवळायचे. चाकांना जीटी३सारखे मधले एकच मोठे नट नसून पाच बोल्ट आहेत, जे १६० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. पॅडॉकमध्ये एकटीने काम करणाऱ्या माझ्यासारखीला हे पाच बोल्ट फार सोयीचे वाटतात, कारण त्यांना साधा टॉर्क पाना पुरतो.

मात्र चकती घातली की टो, म्हणजे वरून पाहिले असता चाक आत की बाहेर वळले आहे तो कोन, बदलतो; ही गोष्ट पहिल्यांदा काम करणारे विसरतात. चाकाचा तळ सरकला तरी स्टिअरिंगचा दांडा आहे तेवढ्याच लांबीचा राहतो, त्यामुळे चाक वरून पाहिले असता तिरके होते. माझ्या बाबतीत हे काम मी पहिल्या वेळी एका कार्यशाळेकडे सोपवले होते. त्यांनी कॅम्बर मागितल्याप्रमाणे दिला, टो पुढच्या बाजूला तपासला आणि मागच्या चाकांकडे पाहिलेच नाही. घरी येताना गाडी मोटरवेवर सतत डावीकडे ओढत होती. त्यानंतर मी ठरवले की अंतिम मोजमाप स्वतः करायचे, आणि त्यासाठी मला वडिलांची पद्धत आठवली. कोल्हापुरात शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीजवळ त्यांचे छोटे गॅरेज होते. यंत्र नव्हते, म्हणून ते गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोरा ताणत, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजत आणि चाकाच्या माथ्यावरून ओळंबा सोडून ते किती झुकले आहे ते पाहत. शर्यतीचे संघ पॅडॉकमध्ये आजही टो असाच, दोरा ताणून मोजतात, हे मला इथे येऊन कळले. हिशोब शाळेतल्या भूमितीचा आहे : पाचशे मिलिमीटर उंचीवर एक अंश म्हणजे ८.७ मिलिमीटर, आणि तेवढ्याच लांबीवर टोची दहा मिनिटे (एका अंशाची साठ मिनिटे) म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. दोरा बारीक हवा, जमीन सपाट हवी आणि घाई नको. एवढे पाळले तर हे मोजमाप महागड्या यंत्राच्या इतके जवळ येते की मी आता यंत्राकडे फक्त वर्षातून एकदा खातरजमेसाठी जाते.

पुढे उणे २ अंश ४५ मिनिटे, मागे उणे २ अंश १० मिनिटे, पुढचा टो शून्य आणि मागे प्रत्येक चाकाला थोडा आत, या मापांवर मी पोहोचले ती तिसऱ्या प्रयत्नात. त्याआधी पुढे उणे तीन अंशांच्याही पलीकडे जाऊन पाहिले होते. वळणात गाडी झकास चालली, पण स्पिट्सकेरे या केसाच्या पिनेसारख्या वळणासाठी पाराबोलिका या लांब, वेगवान वळणाच्या वेगावरून जोरात ब्रेक लावताना पुढची चाके आतल्या कडेवर उभी राहत आणि एबीएस लवकर जागे होई. ब्रेक लावताना टायर सपाट टेकलेला हवा, वळताना झुकलेला हवा. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत, आणि पावणेतीन अंशांवर या दोन मागण्यांमध्ये माझ्या वेगाला आणि माझ्या टायरना मानवेल असा मेळ बसला. माझ्याहून वेगवान चालकाला कदाचित तीन अंशच योग्य वाटतील, कारण तो वळणात गाडी अधिक दाबेल.

नव्या मापांनी पहिल्या फेरीत ज्युडकुर्वेत शिरताना मी सवयीने लवकर पाय उचलला आणि गाडी आतल्या कर्बवर चढली. एवढी ती अधिक वळली होती. स्टिअरिंग कमी वळवावे लागत होते आणि दुसऱ्या भागात, जिथे पूर्वी वाट पाहावी लागे, तिथे मी हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सुरुवात करू शकत होते. फेऱ्या संपल्यावर त्याच टायरचे तापमान बाहेर ८६, मध्ये ८९ आणि आत ९४ अंश निघाले. आतली कड आठ अंशांनी गरम असणे अपेक्षितच आहे, कारण सरळ पट्ट्यांवर ती एकटी टेकलेली असते. रबर सोलणे थांबले. स्टिअरिंगमधून हाताला जे जाणवते तेही पालटले : पूर्वी पकड संपत आली की स्टिअरिंग एकदम हलके होई, आता ते आधी घट्ट होते, मग थोडे थरथरते आणि मगच सैलावते. पुढे काय होणार याची सूचना अर्धा क्षण आधी मिळते, आणि त्या अर्ध्या क्षणामुळेच मला या गाडीवर विश्वास टाकता आला.

टायरमधल्या हवेचा विषय कॅम्बरइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याला खर्च काहीच येत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की हवेचा दाब साधारण ०.१ बारने वाढतो. सकाळी थंड टायरमध्ये रस्त्यावरचा नेहमीचा दाब ठेवून ट्रॅकवर गेले की चौथ्या फेरीपर्यंत तो अडीच बारच्या वर जातो, टायर मधोमध फुगतो आणि गाडी बर्फावर असल्यासारखी वाटते. मी थंड टायरमध्ये १.८ बारच्या आसपास ठेवून सुरुवात करते आणि फेऱ्या संपवून आत येताच, टायर थंड होण्याआधी, चारही टायर २.२ बारवर आणते. डावे टायर अधिक तापतात म्हणून त्यांतून थोडी जास्त हवा सोडावी लागते. संध्याकाळी परतीच्या प्रवासाआधी पुन्हा हवा भरायला विसरू नये. थंड झाल्यावर तेच टायर धोकादायक कमी दाबावर आलेले असतात.

वळणात गाडीचे कलणे रोखणाऱ्या आडव्या दांड्यांच्या, म्हणजे अँटी-रोल बारच्या, बाबतीत मात्र मी पूर्ण एक दिवस वाया घालवला. पुढे आणि मागे दोन्ही बार समायोज्य आहेत. टोकाला ओळीने भोके असतात आणि दुवा ज्या भोकात जोडला जातो त्यावर बारचा आर्म लांब की आखूड हे ठरते. आर्म आखूड म्हणजे बार ताठ. यामागचे तत्त्व असे की वळणात आतल्या चाकावरचे ओझे बाहेरच्या चाकावर जाते, आणि ज्या अ‍ॅक्सलचा बार तुलनेने ताठ असतो त्या अ‍ॅक्सलवर हे स्थलांतर अधिक होते. एका टायरवर दुप्पट ओझे टाकले म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, काही कमीच वाढते. म्हणून ओझे जितके असमान वाटले जाते तितकी त्या जोडीची एकूण पकड घटते. मागचा बार ताठ केला की मागची पकड थोडी कमी होते आणि तुलनेने पुढचा भाग अधिक वळू लागतो. हे सगळे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही मी एकाच वेळी मागचा बार एक भोक ताठ आणि पुढचा एक भोक सैल केला, आणि नेमके कशामुळे काय झाले हे सांगण्याची सोयच घालवून बसले.

दुपारनंतर एकेक बदल वेगळा करून पाहिला तेव्हा चित्र स्पष्ट झाले. पुढचा बार सैल केल्याने पकड वाढायला हवी होती, पण बॉडी अधिक कलू लागली आणि मॅकफर्सनच्या स्वभावामुळे अधिक कलणे म्हणजे अधिक कॅम्बर गमावणे. मिळाले ते एका हाताने आणि गेले दुसऱ्या हाताने, शिवाय डावीकडून उजवीकडे झटपट वळताना गाडी आळशी झाली. मागचा बार एक भोक ताठ केल्यावर मोटोड्रोममध्ये, म्हणजे प्रेक्षागृहांनी वेढलेल्या भागात, शिरणारे वेगवान उजवे वळण आणि त्यानंतरचा, बाहेरून थोडा उंचावलेला डावा झाक्सकुर्वे, दोन्ही ठिकाणी गाडी अगदी तत्पर झाली. पण स्पिट्सकेरेमधून बाहेर पडताना मागचे आतले चाक हलके होऊन फिरू लागे. गाडीत मागे यांत्रिक डिफरन्शियल लॉक आहे म्हणून बाहेरच्या चाकाला ताकद मिळत राहते, तरी टायर घासला जाण्याचा आवाज ऐकू येतोच. चार वाजता पावसाची एक सर आली आणि त्याच जुळवणीत गाडी इतकी चंचल झाली की मी दोन फेऱ्यांत आत आले. आता पुढचा बार मूळ जागी, मागचा कोरड्या दिवशी एक भोक ताठ, आणि आकाशात ढग असतील तर निघण्यापूर्वीच मूळ जागी, असा माझा नियम आहे. भोक बदलायला वीस मिनिटे लागतात; ती वाचवू नयेत.

चारही चाकांवरचे वजन जुळवणे हे काम मी एकदाच करून घेतले आणि ते पुरेसे आहे. चार वजनकाटे, दोन्ही बारचे दुवे सुटे केलेले, टाकीत अर्धे पेट्रोल आणि चालकाच्या आसनावर एरवी ठेवतात ती चालकाच्या वजनाइतकी पोती. कारखान्याच्या आकड्यानुसार ही गाडी १,४२० किलोची आहे आणि तीत मी एकटीच डाव्या बाजूला बसते, तेव्हा रिकाम्या गाडीचे जुळवलेले वजन माझ्या काही उपयोगाचे नाही. ज्यांनी हे केले त्यांनी पोत्यांऐवजी मलाच बसवून ठेवले आणि दीड तास हलू दिले नाही. त्याचा परिणाम एवढाच की डाव्या आणि उजव्या वळणात ब्रेक लावताना गाडी आता सारखीच वागते.

होकेनहाइमवर जुळवलेली गाडी नॉर्डश्लाइफेवर नेली की तिची दुसरी परीक्षा सुरू होते. १९२७ पासून चालू असलेला हा २०.८३२ किलोमीटरचा मार्ग आयफेलच्या डोंगरात सुमारे तीनशे मीटरचा चढउतार करतो, आणि तिथे सपाट असे काही नाही. सार्वजनिक फेऱ्यांच्या दिवशी तिथे जर्मनीचे नेहमीचे वाहतूक नियम लागू असतात, वेळ मोजायला मनाई असते, आणि ते योग्यच आहे. गाडीची हाताळणी कळायला घड्याळ लागत नाही. फुक्सर्योरेचा उतार संपतो तिथे गाडी अशी जमिनीत दाबली जाते की पुढची हनुवटी, म्हणजे बंपरखालची कड, घासली गेल्याचा आवाज येतो, लगेच पुढचे वळण चढावर असते. फ्लुगप्लात्सच्या माथ्यावर ती हलकी होते. श्वेडनक्रॉइत्स हे डावे वळण अतिशय वेगात, माथा ओलांडत घ्यावे लागते, आणि तिथे मागच्या चाकांना दिलेला आतला टो म्हणजे काय हे कमरेतून समजते. एकदा मी तो कमी करून पाहिला होता. होकेनहाइममध्ये गाडी चपळ वाटली, श्वेडनक्रॉइत्सवर मला श्वास रोखून धरावा लागला. त्याच आठवड्यात मी तो परत वाढवला.

डॅम्परविषयीचे माझे मत इथेच बनले. पासम या विद्युत नियंत्रित डॅम्परला दोनच अवस्था आहेत, सर्वसाधारण आणि ताठ. होकेनहाइमवर ताठ अवस्था बरोबर आहे. नॉर्डश्लाइफेवर मात्र ती पूर्णपणे चुकीची आहे, हे मी ठामपणे म्हणते. तिथले डांबर लहान-लहान उंचवट्यांनी भरलेले आहे आणि ताठ डॅम्पर चाकाला खड्ड्यात उतरू देत नाही. टायर रस्त्यावरून उडत राहतो आणि उडालेल्या टायरला पकड नसते. कारुसेल या वळणातल्या सिमेंटच्या कलत्या पट्ट्यांवर तर दात वाजतात. सर्वसाधारण अवस्थेत हीच गाडी श्वास घेतल्यासारखी वरखाली होते, चाके जमिनीला चिकटून राहतात आणि चालकाला वळणाकडे लक्ष देता येते. ९११ जीटी३पेक्षा ही गाडी इथे काही बाबतींत मला अधिक आवडते, ती या मऊपणामुळे. वेगात वाहणारी हवा गाडीला खाली दाबते, त्याचाही वाटा आहे : मागचा स्थिर पंख पूर्वीच्या जीटी४पेक्षा ताशी २०० किलोमीटरला १२ किलो अधिक भार मागच्या चाकांवर देतो, आणि डोटिंगर ह्योए या लांब सरळ पट्ट्यावर गाडी जराही भटकत नाही.

ब्रेकबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण ते चांगले आहेत. पुढे आणि मागे ३८० मिलिमीटरच्या लोखंडी डिस्क, पुढे सहा पिस्टन, मागे चार. ट्रॅकवर जाण्याआधी ब्रेकचे तेल बदलावे आणि पॅडची जाडी पाहावी. सिरॅमिक डिस्कचा पर्याय मी घेतला नाही. बदलायची वेळ आली की लोखंडी डिस्क परवडतात.

गिअरच्या बाबतीत मला तडजोड करावी लागली आहे. दुसरा गिअर ताशी १३५ किलोमीटरच्या आसपास आणि तिसरा १८० च्याही पुढे जातो, इतके ते लांब आहेत. परिणामी होकेनहाइमच्या निम्म्या वळणांत दुसरा गिअर फार खालचा आणि तिसरा फार वरचा वाटतो. गाडीचा जो प्राण, ते मिनिटाला ७,००० फेऱ्यांपुढचे इंजिन, ट्रॅकच्या एका फेरीत मोजक्याच वेळा ऐकायला मिळते. याचा हाताळणीशी थेट संबंध आहे : तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर वळणातून निघताना अ‍ॅक्सिलरेटरने मागचा भाग वळवण्याइतकी ताकद हाताशी नसते, म्हणून वळण ब्रेकवरच पूर्ण करावे लागते. ब्रेक हळूहळू सोडत, पुढच्या चाकांवर ओझे ठेवून गाडी आत वळवणे, हीच या गाडीची भाषा आहे, आणि मधोमध इंजिन असल्यामुळे ती हे इतक्या गोडीने करते की काही काळाने लांब गिअरची तक्रार मागे पडते. स्थिरता नियंत्रण दोन टप्प्यांत बंद करता येते. पहिला टप्पा कोरड्या ट्रॅकवर मला मोकळा वाटतो. दुसरा मी फक्त होकेनहाइमवर, मोकळ्या जागा असलेल्या वळणांत वापरते, नॉर्डश्लाइफेवर कधीही नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या जीटी४ आरएस या तिच्याच अधिक वेगवान आवृत्तीशी तुलना टाळता येत नाही. ५०० अश्वशक्ती, आखूड गिअर, रबरी बुशांऐवजी गोलक सांधे असलेले सस्पेन्शन. मी ती एकदा चालवली आहे. ती निःसंशय अधिक वेगवान आणि अधिक काटेकोर आहे, पण तिच्यात हाताने टाकायचे गिअर मिळतच नाहीत आणि रस्त्यावर तिचा कडकपणा व आवाज यांचा शीण येतो. साध्या जीटी४ची किंमत जर्मनीत सुरुवातीला ९६,२०६ युरो होती. त्या पैशांत ट्रॅकवर जाऊन, दिवसभर चालवून, त्याच टायरवर घरी येणारी आणि पान्याने आपल्या हाताजोगी करून घेता येणारी दुसरी गाडी मला माहीत नाही.

पावणेतीन अंशांची किंमत रस्त्यावर मोजावी लागते, हेही सांगायला हवे. मोटरवेवर गाडी ट्रकच्या चाकोऱ्यांमागे धावू पाहते, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे लागते. टायरची आतली कड बाहेरच्या आधी संपते, आणि ती उभ्या गाडीत सहज दिसत नाही. दर महिन्याला स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या मागे हात घालून ती कड चाचपून पाहावी. वर्षभरात दहा हजार किलोमीटर मोटरवेवर आणि फक्त एक दिवस ट्रॅकवर जाणार असाल तर उणे दोन अंशांवर थांबणे शहाणपणाचे आहे.

जीटी४ आता नवी मिळत नाही, वापरलेलीच घ्यावी लागते. बघायला जाल तेव्हा चकाकीकडे नंतर पाहा. आधी विजेरी घेऊन पुढच्या आर्ममध्ये किती चकत्या आहेत आणि दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते पाहा, टायरच्या आतल्या कडा चाचपा, हनुवटीच्या तळाचे ओरखडे पाहा. हनुवटी घासलेली असणे वाईट नाही, ती स्वस्तात बदलते. डावी-उजवी चकत्यांची संख्या वेगळी निघाली तर मात्र कोणीतरी वाकलेला भाग चकत्यांनी झाकला आहे का हे विचारा, आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत विसार देऊ नका.